रांजणाखालची ओल

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात चार पंखे आहेत. प्रत्येकाच्या तिन्ही पात्यांवर तांबड्या ऑइलपेंटनं अक्षरं काढलेली. एकावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर पंखा देणाऱ्याचं नाव. आणि हे तिसरं नाव पहिल्यापेक्षा हटकून थोडं ठसठशीत. दुपारी वीज गेली की खाली घोंगड्या टाकून पडलेली म्हातारी मंडळी ती नावं वाचतात आणि त्या त्या कैलासवासी माणसानं कुणाचा बांध कोरला होता याची उजळणी करतात. वीज आली की पाती फिरतात, नावं नाहीशी होतात आणि वारा सुटतो.

आई गेल्यावर दादाच्या मनात पहिल्यांदा पाचवा पंखाच आला होता. पण देवळाच्या आढ्याला पाचवी जागा नव्हती. मग वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री, जेवणं उरकून सगळे ओट्यावर बसलेले असताना, त्यानं प्रतिष्ठानचं काढलं. आईच्या नावानं सेवाभावी प्रतिष्ठान. त्याची चौकशी करून झाली होती. नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली, शिवाय १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली; धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात घटना, ठराव, सभासदांची यादी द्यायची. निदान सात सभासद लागतात. दादा, वहिनी, दोन भाचे, धाकटे काका आणि गावातले एक निवृत्त गुरुजी. सहा झाले.

"सातवी तू," दादा म्हणाला. "सही तेवढी लागंल."

सही तेवढी लागंल, हे घरच्या लेकीला नवीन नाही. सातबाऱ्यावरचा हक्क सोडतानाही एवढीच लागली होती. पण मी हसले आणि बरं म्हणाले, कारण दादाच्या हातात तेव्हा फ्लेक्सचा नमुना होता आणि त्यावर आई होती.

आईचा एकटीचा फोटोच नव्हता. कॅमेरा दिसला की ती तोंडाला पदर लावून आत जायची. माझ्या लग्नात सगळ्यांबरोबर उभं राहावं लागलं तेवढाच एक फोटो; त्यातून तिला कापून काढली होती. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो दुकानदारानं संगणकावर पुसला आणि पुसताना पदराचाही थोडा काठ गेला. तो हात माझा होता. मागं निळं आभाळ, बाजूला दोन कबुतरं, खाली कार्यक्रमांची यादी: रक्तदान शिबिर, वह्यावाटप, नेत्रतपासणी, वृक्षारोपण. वृक्षारोपणाबद्दल आमच्याकडे असं म्हणतात की खड्डा तोच असतो, पाहुणे आणि रोप तेवढं दर पावसाळ्यात बदलतं.

मला हे सगळं हास्यास्पद वाटलं, आणि पुण्याला परतताना एस.टी.त बसल्यावर माझं हसणंही जरा हलकटपणाचं वाटलं. कारण नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसानं 'स्मरणार्थ' या शब्दाला नावं ठेवावीत अशी त्याची स्थिती नसते. आमचं अर्धं आयुष्य मेलेल्या माणसांच्या नावांखाली जातं. भाची नगरला राधाबाई काळे महिला महाविद्यालयात होती. तीन वर्षं तिच्या तोंडी 'काळेला जाते', 'काळेची फी भरायचीय' असंच होतं. शेजारचा मुलगा सारडाला, म्हणजे पेमराज सारडा महाविद्यालयात. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीला जन्मलेले जैन आचार्य आनंदऋषीजी १९९२ साली नगरला निवर्तले, त्यांच्या नावाच्या रुग्णालयात आईचा मोतीबिंदू निघाला आणि पट्टी सुटल्यावर ती गावात सांगत फिरली, "आनंदऋषीतून डोळा करून आणला." आनंदऋषी म्हणजे कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. डोळा म्हणजे काय हे तिला कळलं होतं. माणसाच्या नावाचा पत्ता व्हावा, त्याला 'ला' आणि 'तून' असे प्रत्यय लागावेत, यात मला पूर्वी विस्मरण दिसायचं. आता वाटतं, पात्यांवरची नावं फिरू लागतात ती अशी.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. एस.टी.च्या पाटीवर अहिल्यानगर आलं. कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. अहिल्याबाई आमच्या भागातल्याच. आमच्या कर्जतला लागून जामखेड तालुका, त्यातलं चौंडी हे त्यांचं जन्मगाव, साल १७२५. शाळेच्या सहली चौंडीला जात, आणि आम्हाला पाठ असे ते काशी, गया, सोमनाथ, घाट, धर्मशाळा. घाटांची यादी आता विसरले. पुढे मोठेपणी वाचलेल्या दोन गोष्टी मात्र लक्षात राहिल्या. एक म्हणजे बाईंनी देशभर केलेला दानधर्म मुख्यत्वे खासगीतून, म्हणजे होळकरांच्या घरच्या बायकांच्या नावे दिलेल्या जहागिरीच्या उत्पन्नातून. सासूबाई गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी ही खासगी करून दिली होती. दौलतीचा पैसा वेगळा, बाईचा पैसा वेगळा, आणि दान या दुसऱ्या पैशातून. दुसरी गोष्ट इंग्रज अधिकारी माल्कम यानं लिहून ठेवलेली. बाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्यानं माळव्यातल्या लोकांकडून ऐकलेलं असं की, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला त्यांनी रस्त्यांवर माणसं नेमली होती, आणि महेश्वरच्या आसपास शेतात नांगर ओढणारे बैल थांबवून त्यांनाही पाणी पाजलं जाई.

बैलांना पाणी! घाट बांधणाऱ्या राजांची वानवा नाही. पण चालत्या नांगराशी जाऊन बैलाला पाणी पाजायचं हे सुचायला माणूस आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखातलाच असावा लागतो. नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे १७६६ मध्ये, मुलगा मालेराव त्याच्या पुढच्या वर्षी. उतारवयात जावई गेला आणि लेक मुक्ताबाई त्याच्या चितेवर बसली. मल्हाररावांची छत्री त्यांनी आलमपूरला बांधली, तिच्यावर नाव आहे. बैल ज्या पाण्यानं गार झाले त्यावर कुणाचं नाव होतं?

आता आमच्या रांजणाविषयी सांगायला हवं.

आमचं घर मळ्यात, मिरजगावकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला. दारात लिंब, लिंबाखाली रांजण. कमरेइतका, तळाशी रेतीत अर्धी वीत रुतवलेला, वर लाकडी झाकण, त्यावर पितळी तांब्या. ज्येष्ठ संपता संपता निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नगर, मिरजगाव, कर्जत अशी पंढरपूरकडे जाते. तिच्या मागंपुढं सुट्ट्या दिंड्या, चुकलेले, मागं राहिलेले, पायाला चिंध्या बांधलेले लोक आमच्या रस्त्यानं येतात. एरवी वर्षभर येणारे ऊसतोडीचे, मेंढरांमागचे धनगर, बाजारकरी, शाळेची पोरं. रांजण आईचा होता. भल्या पहाटे ती तो घासून भरायची, उन्हाळ्यात आत वाळ्याची पुरचुंडी टाकायची. २०१३ च्या दुष्काळात टँकर चार दिवसांनी यायचा आणि माणशी मोजून हंडे मिळायचे, तेव्हाही पहिला हंडा रांजणात आणि मग घरात. दादाचं आणि तिचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. रांजणाखाली सदा ओल असे आणि त्या ओलीत पुदिना माजलेला असे. चहात टाकायला आम्ही तिथूनच खुडायचो.

तिचं सगळंच सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. मी लहान असताना ती काही लोकांच्या हातात तांब्या देत नसे. त्यांनी ओंजळ धरायची आणि हिनं वरून धार सोडायची. मला ते दिसत होतं आणि त्यात काही वावगं आहे हे कळत नव्हतं. नंतर केव्हातरी तांब्या साखळीनं लिंबाला बांधला गेला आणि ज्याचं त्यानं घ्यावं असं झालं. कुणी सांगितलं, का केलं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. चोरीला जाऊ नये म्हणून बांधला, एवढंच कारण तिनं दिलं.

वर्षश्राद्धाला आत्या आली होती. नव्वदीला टेकलेली, कानानं अधू, पण जुनं सगळं जागच्या जागी. दादानं तिला फ्लेक्स दाखवला. तिनं फोटोवरून हात फिरवला, कबुतरं बघितली, आणि विचारलं, "पोरीचं नाव न्हाई घातलं?"

कुठली पोरगी, हे आम्हा दोघांनाही कळेना.

बहात्तरच्या दुष्काळात, दादाच्याही आधी, आईला एक मुलगी झाली होती. तेव्हा आई तळ्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दिवसाला सुकडी मिळे, घरी मिलोच्या भाकरी. लेकरू कामावरच झोळीत असे. नऊ-दहा महिन्यांचं असताना त्याला जुलाब लागले. आणि जुलाब लागलेल्या पोराला पाणी द्यायचं नाही, दिलेलं पाणी खालून जातं आणि रोग वाढतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आजीला माहीत होतं, सुईणीला माहीत होतं. पोर पाण्यासाठी तोंड करायची. सासूपुढं आईचं काही चालायचं नाही, आणि चाललं असतं तरी तिलाही ते खरंच वाटत होतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू आत ओढली गेली आणि संपलं.

"मग तिनं त्यो रांजण मांडला," आत्या म्हणाली. "आधी दारात रांजण कुठं व्हता?"

बारशाचं नाव आत्यालाही आठवेना. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

चाळीस वर्षं आम्ही ज्या पुदिन्याचा चहा प्यायलो तो कुठल्या ओलीवर वाढला होता हे कळायला आई जावी लागली. मला त्या रात्री झोप आली नाही. रडू यावं असंही काही नव्हतं. ती बहीण मला कुणीच नव्हती. मला राहून राहून एकच आठवत होतं: ओंजळीत वरून पडणारी धार, आणि ती धार संपेपर्यंत आईचं त्या माणसाच्या घशाकडं लागलेलं लक्ष. गिळताना हलणारी घाटी ती टक लावून बघायची. मला वाटायचं, तांब्या परत कधी मिळतो याची वाट बघतेय.

ज्या पाण्यानं ती पोर वाचली असती ते फार लांब नव्हतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हंडे-पिंपं भरून मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि लोकांना पाजलं. मरणारी माणसं जगली. आणि आमच्या शेजारच्या तालुक्यात, जामखेडला, १९७० पासून एक डॉक्टर जोडपं येऊन राहिलं होतं. रजनीकांत आरोळे मूळचे नगर जिल्ह्यातलेच, मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात भेटली, खेड्यात काम करायचं असं ठरवून त्यांनी लग्न केलं, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढली, अमेरिकेत शिकून परत आली. १९७१ साली त्यांनी कामाला घेतलेल्या गावांत हजार जन्मांमागे १७६ मुलं पहिल्या वर्षात दगावत होती. माझी बहीण त्या गावांतली नव्हती, पण त्याच हिशेबातली होती.

आरोळ्यांनी काय केलं हे आता जगभरच्या पुस्तकांत आहे, १९७९ चं मॅगसेसे पारितोषिकही त्यासाठीच. आमच्या भागात मात्र ते पाण्यावरून सांगतात. लोकांना दवाखाना नको होता, दुष्काळात पाणी हवं होतं. तर त्यांनी आधी पाणी बघितलं. आणि बोअर घेताना दलित वस्तीतली जागा बघायला लावली, म्हणजे उरलेल्या गावाला हंडा घेऊन तिकडं जावं लागेल. माझ्या आईच्या धारेला दिलेलं हे उत्तर मला फार उशिरा कळलं. मग गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित. त्यांना जुलाब, बाळंतपण, कुष्ठरोग शिकवलं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातली झुंबरं त्यांनी दाखवली: देखणी, महाग, उंचावर. डॉक्टर असे असतात, म्हणाल्या. मग पिशवीतून दोन पणत्या काढल्या, एक पेटवली, तिच्यावर दुसरी. नव्वदच्या दशकात बालमृत्यूंचा तो १७६ चा आकडा तिशीच्या आत आला, तो या पणत्यांनी.

मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. मुलगी शोभा आणि मुलगा रवी काम बघतात. मेबल यांच्या नावानं एक फेलोशिप आहे: परदेशात शिकलेली तरुण मुलं जामखेडला येऊन राहतात आणि या बायकांकडून शिकतात. कुणाच्या आठवणीसाठी काय करावं याचा इतका नेमका दाखला मला दुसरा माहीत नाही. मेबल यांनी आयुष्यभर बायकांना शिकवलं. त्यांच्या माघारी त्या बायका गुरू झाल्या. पुण्यात मुक्तांगणही असंच काहीसं करतं. व्यसनमुक्तीचं हे केंद्र डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलं. १९९७ च्या १० फेब्रुवारीला त्या कॅन्सरनं गेल्या, आणि त्यांच्या स्मृतिदिनी संघर्ष करत काम उभारणाऱ्यांचा सन्मान होतो. दोराबजी टाटांनी आणखी वेगळी वाट धरली. पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी जो न्यास काढला तो त्याच आजारावरच्या संशोधनासाठी. ज्यानं माणूस नेला त्याचाच पाठलाग. माझ्या आईकडं न्यास नव्हता, एक रांजण होता. तिनंही तेच केलं म्हणायचं, फक्त तिचा शत्रू तहान होती आणि त्या तहानेच्या बाजूनं एकदा तिचाच हात होता. हे ती कुणाला सांगणार?

मी दादाला फोन केला. म्हटलं, वह्या वाटू नकोस. वह्या शाळेत मिळतात. आपल्या गावच्या आशाताईला विचार, तिला काय कमी पडतं. जलसंजीवनीची पाकिटं संपली की ती कुठून आणते, उन्हाळ्यात ऊसतोडीच्या कोप्यांवर आणि वीटभट्ट्यांवर पोरांना पाजायला कोण जातं, झेडपीच्या शाळेतल्या टाकीचा नळ कधीपासून मोडलाय. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे सगळं खरं. पर असल्या कामाचा कार्यक्रम कसा घ्यायचा? पाहुणे कुठं बसवायचे?"

यावर आमचं तीन महिने चाललं. दादाची बाजू मी समजते असं मला आता वाटतं. त्यालाही आईला कुठंतरी उभी करायची होती, चारचौघांत, जिथं ती जिवंतपणी कधी उभी राहिली नाही. कबुतरांसकट. आणि नावाचा प्रश्न तर आत्यानं आणखीच अवघड करून ठेवला. आईच्या नावानं काढायचं, तर आईनं जे केलं ते कुणाच्या नावानं केलं होतं? त्या पोरीच्या नावानं काढायचं, तर तिला नाव नाही. अर्जात संस्थेचं नाव पहिल्या ओळीत लिहावं लागतं आणि उद्देश त्याखाली. आमचे उद्देश लिहून झाले. भाच्यानं ते स्वच्छ टाइप केले: उन्हाळ्यात पाणी, आशाताईंना पाकिटं, शाळेचा नळ. पहिली ओळ मोकळी ठेवून दादानं कागद कपाटात ठेवला. गुरुजी अधूनमधून विचारतात, 'काय झालं?'

यंदा पालखीच्या वेळी मी मुद्दाम गावी गेले. वहिनीनं रांजण घासला होता. मला वाटलं होतं की आईनंतर तो तिथं कोरडाच पडला असेल; तसं काही झालेलं नव्हतं, वहिनी रोज भरत होती, कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुदिना होता. पाऊस लांबला होता, दुपारी बाराचं ऊन होतं, आणि एक मागं पडलेली दिंडी आली, चाळीसेक माणसं, बहुतेक नाशिककडची.

पुढं एक म्हातारी होती, डोक्यावर तुळस. तिनं वृंदावन लिंबाच्या बुंध्याशी उतरवलं, साखळीचा तांब्या घेतला, उभ्या उभ्या दोनदा प्यायली. मग तिनं वहिनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घराच्या दाराकडं बघितलं.

"इथं एक म्हातारी असती दर साली," ती म्हणाली.

वहिनी काहीच बोलली नाही. मी मान हलवली. म्हातारीला ते पुरलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, वहिनीच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं, झाकण बाजूला केलं आणि मागून येणाऱ्या माणसांना म्हणाली, "या रे, एकेक जण या. गडबड करू नका, पाणी हाय." चाळीस माणसं पिऊन होईस्तोवर ती हलली नाही. रांजण तळाला गेला तेव्हा वहिनी हंडा घेऊन आडाकडं निघाली होती, आणि दुसरा हंडा दादानं उचलला.